किंचेमचे ५४ विजय कसे वाचावेत?

हंगेरीच्या किंचेम या घोडीविषयी तीन प्रश्न विचारले गेले आहेत. तिने ५४ शर्यती धावून ५४ही जिंकल्या हे खरे मानायचे का, तिच्यासमोरचे घोडे दुबळे होते म्हणून हे घडले का, आणि आजच्या अव्वल घोड्याला त्याच्या निम्मेही का साधत नाही? माझे बहुतेक आयुष्य स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या केंद्रांवर, आणि रेसकोर्सच्या तबेल्यांत घोड्यांवर उपचार करण्यात गेले. त्यामुळे या प्रश्नांकडे मी इतिहासकारापेक्षा अश्ववैद्याच्या नजरेने पाहतो, हे आधीच सांगितलेले बरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. विक्रम खरा आहे, त्या काळच्या शर्यतींच्या नोंदींवर तो उभा आहे आणि अपराजित कारकिर्दीचा इतका मोठा आकडा त्यानंतर कोणत्याही घोड्याच्या नावावर लागलेला नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडेसे होकारार्थी आणि बरेचसे नकारार्थी आहे. मला मात्र या घोडीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य तिच्या वेगात दिसत नाही. चार वर्षे रेल्वेने युरोपभर फिरूनही ती खात राहिली, झोपत राहिली आणि दर वेळी धावण्याच्या स्थितीत मैदानावर पोहोचली, यात ते दिसते.

किंचेमचा जन्म १७ मार्च १८७४ रोजी किश्बेर येथील सरकारी स्टडमध्ये झाला. तिचे मालक आणि पैदासकर्ते एर्नो ब्लाश्कोविच हे तापिओसेंतमार्तोन या गावचे जमीनदार होते. तिचा बाप कॅम्बुस्कन हा इंग्लंडहून विकत आणलेला स्टॅलियन (पैदाशीचा नर), तर आई वॉटर निंफ ही ब्लाश्कोविच यांची स्वतःची घोडी. वॉटर निंफचा मेळ खरे तर किश्बेरच्याच बुकेनियर या नामांकित स्टॅलियनशी घालायचा होता आणि चुकीने ती कॅम्बुस्कनकडे नेली गेली, असे सांगितले जाते. ही गोष्ट खरी असो वा नसो, कॅम्बुस्कन सामान्य घोडा नव्हता. त्याचा बाप न्यूमिन्स्टर हा १८५१ च्या सेंट लेजर या इंग्लंडमधल्या मानाच्या शर्यतीचा विजेता, आणि न्यूमिन्स्टरची आई म्हणजे उत्तर इंग्लंडची लाडकी बीजविंग, जिने ६३ पैकी ५१ शर्यती जिंकल्या होत्या. म्हणजे वर्षानुवर्षे धावून न मोडणारी घोडी किंचेमच्या वंशावळीत तिसऱ्याच पिढीत बसलेली होती. वंशावळीवरून भविष्य सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण हाडांची मजबुती आणि स्वभाव या दोन गोष्टी रक्तातून उतरतात, हे मी अनेक तबेल्यांत पाहिले आहे.

तिच्या जन्माच्या वेळी हंगेरीतली घोड्यांची पैदास भरात होती, हे अनेकांना ठाऊक नसते. इश्तवान सेचेनी या हंगेरियन सरदारांच्या पुढाकाराने १८२७ मध्ये पेश्त शहरात शर्यती सुरू झाल्या होत्या, १८५३ मध्ये किश्बेरचा स्टड उभा राहिला, आणि किंचेम पहिल्यांदा मैदानात उतरली त्याच वर्षी, म्हणजे १८७६ मध्ये, त्या स्टडचेच नाव मिरवणाऱ्या किश्बेर या हंगेरियन घोड्याने एप्सम डर्बी ही इंग्लंडची सर्वांत मानाची शर्यत जिंकली. त्यामुळे ‘मागास मुलखातून अचानक उगवलेला चमत्कार’ हे तिचे चित्र चुकीचे आहे. तिच्यामागे पन्नास वर्षांची तयारी होती.

लहानपणी ती दिसायला मात्र साधीच होती. तांबूस-तपकिरी रंगाची, लांबट आणि अंगाने बारीक. ब्लाश्कोविच यांनी त्या वर्षीची शिंगरे एकगठ्ठा विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याने त्यांतली दोन नाकारली आणि त्यांतले एक किंचेम होते, असा किस्सा तिच्या जवळजवळ प्रत्येक चरित्रात येतो. मला तो अशक्य वाटत नाही. वर्षाच्या शिंगराकडे पाहून अंदाज बांधणे हा आमच्या धंद्यातला सर्वांत बेभरवशाचा भाग आहे, कारण लांब पायांचे आणि अजून न भरलेले शिंगरू त्या वयात बेढबच दिसते. याउलट, तिला रात्री तबेल्यातून जिप्सींनी पळवून नेल्याची गोष्ट मी बाजूला ठेवतो. त्या काळात घोडा हरवला की जिप्सींकडे बोट दाखवण्याची रीतच होती, आणि नायिकेच्या चरित्रात असा एखादा प्रसंग हवा म्हणून तो आला असावा.

तिला तयार केले रॉबर्ट हेस्प या इंग्रज ट्रेनरने, बुडापेस्टजवळच्या गॉद या गावी. तिच्या बहुतेक शर्यतींत मायकेल मॅडन हा जॉकी होता, तोही इंग्रजच. २१ जून १८७६ रोजी बर्लिनला ती पहिल्यांदा धावली. त्या हंगामात ती दहा शर्यती धावली आणि त्या दहाही वेगवेगळ्या मैदानांवर होत्या. बर्लिननंतर हॅनोव्हर, हॅम्बुर्ग, डोबेरान, फ्रँकफर्ट, बाडेन-बाडेन आणि मग परत येऊन ऑस्ट्रिया-हंगेरीतली मैदाने. दोन वर्षांच्या घोडीसाठी हा कार्यक्रम आज कोणी सुचवला, तर मी सही करणार नाही. या वयात गुडघ्याच्या वरची वाढीची जागा पुरती बंद झालेली नसते, नळीच्या हाडाला पुढून सूज येण्याचा त्रास सर्रास होतो आणि शर्यतींमध्ये विश्रांती मिळाली नाही तर तो वाढत जातो. किंचेमला तसा त्रास झाल्याची कथा कुठे येत नाही.

१८७७ मध्ये ती १७ शर्यती धावली, १८७८ मध्ये १५ आणि १८७९ मध्ये १२. वयाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, तिने व्हिएन्नाची डर्बी, हंगेरीची सेंट लेजर आणि बाडेन-बाडेनची मोठी शर्यत अशी आपल्या भागातली मानाची बक्षिसे घेतली. एका किलोमीटरहून कमी पल्ल्यापासून चार किलोमीटरहून अधिक पल्ल्यापर्यंत ती जिंकत गेली, ही बाब आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. छोट्या पल्ल्याचा घोडा आणि लांब पल्ल्याचा घोडा यांच्या स्नायूंची घडणच वेगळी असते. पहिल्यात झटक्यात आकुंचन पावणारे, लवकर थकणारे तंतू जास्त असतात, दुसऱ्यात प्राणवायूवर दीर्घकाळ चालणारे. दोन्ही टोकांना जिंकायचे असेल, तर घोड्याकडे वेग इतका हवा की छोट्या पल्ल्यात तो मागे पडणार नाही, आणि हृदय-फुप्फुसांची ताकद इतकी हवी की लांब पल्ल्यात तोच वेग आरामाचा वाटेल. ती सुरुवातीला रमतगमत निघायची, इतर घोडे पुढे गेल्यावर मग वेग घ्यायची, अशी वर्णने आहेत. ती अतिरंजित असतील, तरी लांब पल्ल्याच्या शर्यतीत ही सवय तिच्या फायद्याचीच ठरली असणार. पहिल्याच टप्प्यात जोर लावणारा घोडा शेवटच्या दोन फर्लांगांत (सुमारे चारशे मीटरमध्ये) त्याची किंमत मोजतो.

आता प्रतिस्पर्ध्यांचा प्रश्न. तिच्या बहुतेक शर्यती मध्य युरोपातल्या होत्या, काही मैदानांवर तिच्यासमोर उतरणारे घोडे मोजकेच असत आणि काही वेळा तर कोणीच उतरले नाही, त्यामुळे तिने एकटीनेच मैदान पार करून बक्षीस घेतले. अशा वॉकओव्हरना विजय म्हणून मोजायचे का, यावर वाद घालता येतो. मी मोजतो, कारण नियमाने ते विजय आहेत आणि समोरच्यांनी माघार घेतली ती तिच्याच धास्तीने. तरीही ‘५४’ या आकड्याला ५४ अटीतटीच्या लढतींचे वजन देणे योग्य होणार नाही.

तिची खरी परीक्षा १८७८ च्या उन्हाळ्यात झाली. ब्लाश्कोविच यांनी तिला इंग्लंडला नेले आणि १ ऑगस्टला गुडवूड कपमध्ये उतरवले. ही शर्यत तेव्हा दोन मैल पाच फर्लांगांची होती. समोर दोनच घोडे होते, पेजंट आणि लेडी गोलाइटली. पेजंटने चेस्टर कप दोनदा जिंकलेला होता आणि लेडी गोलाइटली ही लॉर्ड फॉल्मथ यांच्या प्रसिद्ध तबेल्यातली चांगली घोडी होती. म्हणजे दोघेही दुबळे नव्हते, पण त्या वर्षीचा इंग्लंडमधला सर्वोत्तम लांब पल्ल्याचा घोडा व्हर्न्युई, ज्याने जूनमध्ये अ‍ॅस्कटच्या एकाच मेळाव्यात गोल्ड कपसह तीन शर्यती मारल्या होत्या, तो गुडवूडला उतरला नाही. किंचेमच्या चाहत्यांनी हे तपशील लपवू नयेत आणि टीकाकारांनी त्यांचा फार बाऊ करू नये. परक्या देशात, समुद्र ओलांडून, अनोळखी उताराच्या मैदानावर तिने त्या दोघांना मागे टाकले एवढे निश्चित आहे. ती व्हर्न्युईपेक्षा सरस होती का, हे त्या शर्यतीवरून ठरत नाही.

तिथून ती पुन्हा इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समध्ये आली आणि ऑगस्टमध्येच दोव्हिलची ग्रां प्री जिंकली. मग थेट बाडेन-बाडेन. आणि इथे तिच्या कारकिर्दीत एकदाच असे घडले की विनिंग पोस्टवर तिच्या बरोबरीने दुसरा घोडा होता. प्रिन्स जाइल्स द फर्स्ट या घोड्याशी तिची डेड हीट झाली. मॅडन त्या दिवशी प्यायलेला होता म्हणून त्याने घोडीला उशिरा सोडले, असे सांगतात. हे सिद्ध करता येत नाही, आणि मला तरी त्याची गरज वाटत नाही. महिनाभरात तीन देश, समुद्राचा प्रवास दोनदा आणि त्यावर तिसरी मोठी शर्यत, एवढे कारण पुरेसे आहे.

त्या काळच्या नियमाप्रमाणे बक्षीस वाटून घेता येत असे. ब्लाश्कोविच यांनी पुन्हा धावण्याचा निर्णय घेतला आणि त्याच दिवशी झालेल्या फेरशर्यतीत किंचेम पाच लेंग्थनी, म्हणजे घोड्याच्या पाच लांबींच्या अंतराने, जिंकली. तिच्या ५४ विजयांपैकी एकच निवडायचा झाला, तर मी हा निवडीन. निवांत उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला सुमारे ३० ते ४० ठोके देते आणि पूर्ण वेगात ते २०० च्या पुढे जाते. शर्यत संपल्यावर ते किती लवकर ६० च्या आसपास येते, यावरून आम्ही घोड्याची तयारी जोखतो. एकाच दिवशी दोनदा जिवाच्या करारावर धावताना दुसऱ्या धावेत वेगापेक्षा ही सावरण्याची क्षमता जिंकते. पहिल्या धावेत बरोबरी करणारा घोडा दुसऱ्या धावेत पाच लेंग्थ मागे राहतो, याचा अर्थ दोघांच्या वेगात फरक नव्हता, सावरण्यात होता. बाडेन-बाडेनची ही शर्यत तिने १८७७, १८७८ आणि १८७९ अशी सलग तीन वर्षे जिंकली. ओलियांडर या जर्मन घोड्याने १९२७ ते १९२९ मध्ये तिची बरोबरी केली, पण त्यासाठी मध्ये जवळपास पन्नास वर्षे जावी लागली.

प्रवासाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिच्या यशाचे उत्तर मला तिथे सापडते. घोडा हा प्रवासासाठी बनलेला प्राणी नाही. त्याचे डोके तासन्‌तास वर बांधून ठेवले, तर श्वासनलिकेतला कफ आणि धूळ खाली निचरा होऊन बाहेर पडत नाही, जंतू फुप्फुसात उतरतात आणि दोन-तीन दिवसांनी ताप येतो. आजही लांबच्या वाहतुकीनंतर येणारा हा न्यूमोनिया आम्हाला धास्ती घालतो. म्हणूनच प्रवासात ठरावीक अंतराने घोड्याला डोके खाली घेऊ द्यावे, चारा जमिनीवर टाकावा, असे आम्ही सांगतो. किंचेमला रेल्वेचा डबा आवडत असे आणि डबा हलू लागला की ती आडवी होऊन झोपत असे, असे तिच्याविषयी लिहिलेले आहे. वाचणाऱ्याला हा लाडाचा तपशील वाटेल, पण माझ्या दृष्टीने तिच्या कारकिर्दीतील हा सर्वांत मोलाचा तपशील आहे. आडवा होऊन झोपणारा घोडा डोके खाली ठेवतो, पायांवरचा भार उतरवतो आणि मुख्य म्हणजे घाबरलेला नसतो.

दुसरा तपशील पाण्याचा. ती घरचीच चंदी खाई, घरचेच पाणी पिई आणि त्यामुळे दोन्ही गोष्टी तिच्याबरोबर नेल्या जात, असे म्हणतात. एकदा बाडेन-बाडेनला बरोबरचे पाणी संपले, तेव्हा तिने दुसरे पाणी नाकारले आणि शेवटी एका जुन्या विहिरीचे मातकट चवीचे पाणी सापडल्यावरच तोंड लावले. विहिरीची गोष्ट लोककथेच्या अंगाने वाढली असेल, पण मुळातली अडचण अगदी खरी आहे. अनोळखी चवीचे पाणी न पिणारे घोडे मी पुष्कळ पाहिले आहेत. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते, ते कमी पडले की आतड्यातला चारा सुकतो आणि पोटशूळ उठतो. त्यात घोड्याला ओकारी करता येत नाही, त्यामुळे वर अडकलेले बाहेर पडायला वाटच नसते. हेस्प आणि त्याच्या माणसांनी चारापाणी बरोबर वाहून नेले यात घोडीचे नखरे पुरवल्याचा भाग थोडा आणि शहाणपणाचा भाग जास्त होता.

मांजरीची गोष्टही याच रांगेत बसते. किंचेमच्या तबेल्यातली मांजर प्रवासात तिच्याबरोबर असे आणि एकदा परतीच्या वाटेवर मांजर सापडेना, तेव्हा ती सापडेपर्यंत घोडी डब्यात चढायला तयार होईना. तिच्या मोतद्दाराविषयीही अशाच कथा आहेत. त्याचे नाव फ्रँकी, तो तिच्याजवळच झोपत असे आणि थंडीच्या एका रात्री त्याच्या अंगावर पांघरूण नाही असे पाहून तिने आपली झूल ओढून त्याच्यावर टाकली. झुलीची गोष्ट मी हसून सोडून देतो, कारण घोडे दातांनी झूल ओढून काढतातच आणि ती कुठेतरी पडतेच. मात्र घोडा कळपात राहणारा प्राणी आहे आणि फिरतीवर असताना त्याच्यापाशी ओळखीचा एक जीव असणे हे औषधाइतके उपयोगी पडते, यात शंका नाही. बिथरणाऱ्या घोड्याजवळ बकरी किंवा तट्टू बांधण्याची पद्धत आजही रेसकोर्सवर आहे, आणि आमचे जुने मोतद्दार हे काम कोणत्याही पुस्तकाशिवाय करत आले आहेत.

वयाच्या पाचव्या वर्षी तिच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक वजन चढू लागले. सतत जिंकणाऱ्या घोड्याला अधिक वजन देऊन शर्यत बरोबरीची करण्याचा तो मार्ग होता. तरीही १८७९ च्या बाराही शर्यती तिने घेतल्या. वयाच्या सहाव्या वर्षीही तिला धाववण्याचा विचार होता, पण पायाला दुखापत झाली आणि ती पैदाशीकडे वळवली गेली. ब्लाश्कोविच यांनी तिला कधीच विकले नाही.

पैदाशीची घोडी म्हणून तिने पाच शिंगरे दिली, तीन बुकेनियरपासून आणि दोन डॉन्कास्टर या स्टॅलियनपासून. तिची पहिली मुलगी बुदाद्यॉन्द्ये हिने १८८५ ची जर्मन डर्बी जिंकली. महान धावणाऱ्या घोड्या बऱ्याचदा पैदाशीत निराशा करतात, त्यामुळे ही कामगिरी कमी लेखू नये. १७ मार्च १८८७ रोजी, तेराव्या वाढदिवशी, किंचेम पोटशुळाने गेली. त्याच वर्षी तिचे शेवटचे शिंगरू जन्मले होते. व्यायल्यानंतरच्या आठवड्यांत पोटातली जागा अचानक मोकळी होते आणि मोठे आतडे पीळ खाण्याचा धोका वाढतो, हे प्रत्येक स्टड फार्मवरच्या वैद्याला माहीत असते. तिला नेमके तेच झाले असे मी म्हणणार नाही, कारण मागे राहिली ती एवढीच नोंद की पोटशूळ उठला. त्या काळी अशा घोड्यासाठी करण्यासारखे फारसे काही नव्हतेच, कारण घोड्याचे पोट उघडून शस्त्रक्रिया करणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रुळले. हेस्पही त्यानंतर दीड महिन्याच्या आतच वारला. तिचा सांगाडा बुडापेस्टच्या कृषी संग्रहालयात जपून ठेवला आहे, आणि तिथल्या रेसकोर्सला तिचेच नाव आहे.

तिसरा प्रश्न तुलनेचा. सलग विजयांचा तिच्याहून मोठा आकडा पोर्टो रिकोच्या कामारेरो या घोड्याचा आहे, १९५३ ते १९५५ मध्ये सलग ५६. पण तो पुढे हरला. तिच्यानंतर आलेल्या अपराजितांत इंग्लंडचा ऑर्मंड १६ वर थांबला, फ्रँकेल १४ वर आणि ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅविअर २५ वर. आपल्याकडे भारतात स्क्वाँडरर या घोड्याने १९ पैकी १८ आणि एल्युसिव्ह पिंपर्नेलने २३ पैकी २२ जिंकल्या, त्याही भारतीय मैदानांवर मोठ्या मानाच्या गोष्टी ठरल्या.

आजच्या घोड्याला ५४ का जमत नाहीत, याचे कारण त्याच्या पायांइतकेच त्याच्या किमतीत आहे. अव्वल घोडा तीन-चार वर्षांचा झाला की पैदाशीतून मिळणारा पैसा शर्यतीच्या बक्षिसांपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे मालक त्याला आणखी दोन हंगाम धाववण्याचा धोका पत्करत नाही. घोडीच्या बाबतीत हे गणित सौम्य असते, कारण ती वर्षाला एकच शिंगरू देते. दीर्घ अपराजित कारकीर्द करणाऱ्यांत ब्लॅक कॅविअरसारख्या घोड्या दिसतात, याचे एक कारण हेच. ब्लाश्कोविच यांच्यावर असा दबाव नव्हता, त्यांना तिला धावताना पाहायचे होते आणि ते परवडत होते. वेळांची तुलना मात्र कोणी करू नये. तेव्हाची मैदाने, नाल, जॉकीची बैठक आणि वेळ मोजण्याची साधने सगळीच वेगळी होती, आणि लगाम लांब धरून ताठ बसलेल्या जॉकीखाली काढलेली वेळ आजच्या पुढे झुकलेल्या बैठकीशी जुळवता येत नाही. तिच्या रक्ताचा शोध घ्यायचा असेल, तर मुलींच्या बाजूने जावे. १९७४ ची एप्सम ओक्स ही घोड्यांच्या माद्यांसाठीची मानाची इंग्लिश शर्यत जिंकणारी पॉलिगमी ही घोडी त्याच वंशातली आहे.